फलकावरची चिकटपट्टी : ज्युदोचे बदलते नियम आणि पेठेतली स्पर्धा

पुण्यात कसबा पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात आमच्या क्लबची ज्युदो स्पर्धा भरते. आदल्या संध्याकाळी बाकं भिंतीला लावायची, मॅटचे तुकडे जिन्यावरून वर चढवायचे, एकाला एक गच्च भिडवायचे आणि मध्ये फट राहिली नाही ना, हे अनवाणी चालून बघायचं. माझं काम गुणफलकाचं. फलक प्लायवूडचा, जुना. त्यावर रंगवलेले चार रकाने आहेत : इप्पोन, वाझारी, युको आणि कोका. 'कोका'वर 2009 साली चिकटवलेली पट्टी आता लाकडाच्याच रंगाची झाली आहे. 'युको'वर 2017 साली पट्टी लावली आणि 2025 साली तीच नखाने खरवडून काढली. जगातल्या ज्युदोत गेल्या पंधरा-सोळा वर्षांत काय काय घडलं, ते या फळीवर वाचता येतं.

मागच्या स्पर्धेत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा उतरला होता. मूळचा तालमीतला, ज्युदोत येऊन जेमतेम सहा महिने झालेले. पंचांनी 'हाजिमे' म्हणताच तो खाली वाकला आणि त्याने समोरच्याचा पट काढला. समोरचा मुलगा धाडकन पाठीवर आला. बाकांवरून टाळ्या पडल्या. पंचांनी मात्र 'मात्ते' म्हणून लढत थांबवली आणि तालमीतल्या मुलालाच शिदो दिला, म्हणजे दंड. मिनिटभराने त्याने सवयीने पुन्हा पायाला हात घातला. दुसरा शिदो. मग तो बिचकला. हात आखडून नुसता गोल फिरत राहिला. चढाई करत नाही म्हणून तिसरा शिदो झाला आणि तो बाद ठरला.

त्याचे वडील टेबलाशी आले. आवाज चढलेला नव्हता, खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारत होते. "सर, त्याला कुणी पाडलंच नाही. मग हरला कसा?"

हा प्रश्न साधा नाही. नियम कोण बदलतं, कशासाठी बदलतं आणि ते बदल पेठेतल्या सभागृहापर्यंत कसे पोचतात, हे सगळं त्यात येतं. म्हणून हा आढावा.

नियम पहिल्यापासून बदलतच आले

जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एइशोजी मंदिरात 12 तातामींच्या जागेत कोदोकान सुरू केलं, तेव्हाच त्यांनी निवड केली होती. जुन्या जुजुत्सूतले जिवावर बेतणारे डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून काढले आणि ठरावीक क्रमाने करायच्या 'काता'मध्ये जपून ठेवले. त्यामुळे पूर्ण ताकदीनिशी लढूनही दुसऱ्या दिवशी सरावाला येता येऊ लागलं. स्पर्धेचे नियम लेखी झाल्यावर बोटं, मनगट, घोटा यांच्या सांध्यांवरची कुलुपंही बाद झाली. आज मोकळ्या लढतीत फक्त कोपराच्या सांध्यावर कुलूप घालता येतं.

सुरक्षेचं कारण पुढेही अनेकदा आलं. 1980 च्या अखिल जपान स्पर्धेत एंदो यांनी टाकलेल्या 'कानी बासामी'त, म्हणजे दोन्ही पायांच्या कैचीत, यासुहिरो यामाशिता यांचा पाय मोडला. पुढे हा डाव स्पर्धेतून हद्दपार झाला. डोक्यावर सूर मारून फेक करण्यावर कडक बंदी आहे, ती मानेसाठी. अशा नियमांवर कुणी वाद घालत नाही आणि घालूही नये.

दुसरं कारण ऑलिम्पिकचं. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ 1951 साली स्थापन झाला आणि 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो आला. तेव्हा पुरुषांचे तीन वजनगट आणि एक खुला गट होता. खुल्या गटात नेदरलँड्सच्या अँटन गेसिंक यांनी कामिनागा यांना जपानी प्रेक्षकांसमोर दाबून हरवलं. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये ज्युदो नव्हता, 1972 पासून तो परत आला. महिलांना पदकांसाठी खेळायला 1992 चं बार्सिलोना उजाडावं लागलं. आज पुरुषांचे आणि महिलांचे सात-सात गट आहेत. एकदा बाहेर राहिलेल्या खेळाला आपली जागा टिकवण्याची काळजी असतेच. खेळ दुरून आणि पडद्यावर समजावा, लढती निकाली व्हाव्यात, कुस्तीहून तो वेगळा दिसावा, या गरजांतून पुढचे बरेच नियम आले. दोघांपैकी एकाने निळी गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घालायची, हा 1990 च्या दशकातला निर्णय त्याच वाटेवरचा. सूचना गेसिंक यांचीच होती.

पेठेतल्या क्लबने हा नियम आपल्या ऐपतीप्रमाणे कधीच वळवून घेतला आहे. प्रत्येक मुलाला दोन-दोन गी घ्यायला लावणं पालकांना झेपत नाही. म्हणून दोघंही पांढऱ्या गीत उतरतात आणि एकाच्या कमरेला दुसऱ्या रंगाचा जादा पट्टा बांधला जातो. कुणाची तक्रार नसते. नियमाचा हेतू दोघं वेगळे ओळखू यावेत एवढाच आहे आणि तो पट्ट्याने पुरा होतो.

फलकावरचे रकाने

ज्युदोचा गाभा इप्पोन. प्रतिस्पर्ध्याला जोराने, वेगाने आणि ताब्यात ठेवून पाठीवर टाकलं की लढत संपली. तालमीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, चितपटच ते. फेक इप्पोनला थोडी कमी पडली की वाझारी. त्याखाली युको आणि कोका हे छोटे गुण होते. बुडावर पाडल्याचाही कोका मिळायचा. त्यामुळे एखादा कोका घ्यायचा आणि उरलेला वेळ पळत काढायचा, अशी खोड लागली. 2009 पासून कोका गेला.

2017 मध्ये युकोही काढला. जे युकोत बसायचं ते वाझारीत धरलं जाऊ लागलं. त्याच वर्षी पुरुषांची लढत 5 मिनिटांवरून 4 मिनिटांची, म्हणजे महिलांच्या लढतीएवढी झाली. दोन वाझारी मिळून इप्पोन होतो, हा जुना नियमही तेव्हा रद्द केला, पण 2018 मध्ये तो परत आणावा लागला. वर्षभरात मागे घेतलेल्या या नियमावरून एक गोष्ट दिसते : नियम करणारेही चाचपडत असतात.

युकोशिवायची आठ वर्षं मी याच टेबलावर पाहिली. जेमतेम कुशीवर कलंडलेला मुलगा आणि तीन-चतुर्थांश पाठीवर आदळलेला मुलगा, दोघांच्या विरुद्ध एकच वाझारी लागायची. नवशिक्यांच्या लढतीत स्वच्छ फेक विरळा असते. बहुतेक पाडापाडी अर्धवटच होते. तिला एकाच मापाने मोजल्यावर ज्याने खरोखर चांगला डाव मारला त्याच्या पदरी न्याय पडत नसे.

2025 पासून युको परत आला. कुशीवर पाडलं तर युको. दाबून धरण्यात, म्हणजे ओसायकोमीत, 5 सेकंदांना युको, 10 ला वाझारी आणि 20 ला इप्पोन. युको कितीही मिळाले तरी त्यांची बेरीज होऊन वाझारी होत नाही. वेळ संपल्यावर गुण समान असतील तर 'गोल्डन स्कोअर', आणि 2013 पासून त्याला वेळेची मर्यादा नाही. माझ्या मते छोट्या क्लबांसाठी गेल्या दशकातला हा सर्वांत चांगला बदल आहे. शिकणाऱ्या मुलाच्या अर्धवट पण खऱ्या प्रयत्नाला त्याने पुन्हा जागा दिली.

पट का गेला

आता त्या मुलाच्या डावाकडे येऊ. ज्युदोत पट मुळात होता. दोन्ही पाय धरून पाडण्याला 'मोरोते गारी' म्हणतात. आपल्या कलाजंगाचा जुळा भाऊ म्हणजे 'काता गुरुमा' : खाली शिरायचं, हात पायात घालायचा, माणूस खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडे टाकायचा. या डावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तरुण कानोंना त्यांच्या वर्गातला एक धिप्पाड साथीदार काही केल्या हरवता येत नव्हता. त्यांनी आधी सुमोचे डाव धुंडाळले, मग पाश्चात्त्य कुस्तीवरचं पुस्तक पाहिलं. त्यातून त्यांना ही खांद्यावरची फेक सापडली आणि त्यांनी त्या साथीदाराला पाडलं. म्हणजे ज्युदोचा हा नामांकित डाव ज्युदोत आला तोच कुस्तीतून.

पुढे फ्रीस्टाइल आणि साम्बो या कुस्तीप्रकारांत तयार झालेले मल्ल ज्युदोत आले. कंबरेत वाकून, ढुंगण मागे काढून, पकड टाळत सरळ पायांवर झडप घालायची, असं लढणं वाढलं. उभं राहून कॉलर आणि बाही धरायची, तोल मोडायचा आणि मग फेकायचं, ही ज्युदोची ओळख पुसट होऊ लागली. 2010 मध्ये पायांवरच्या थेट हल्ल्याला बंदी आली आणि 2013 मध्ये उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात घालणंच बंद झालं. तेव्हा शिक्षा थेट बाद होण्याची होती. आता एक शिदो मिळतो आणि तीन शिदो झाले की खेळाडू बाद.

या बंदीने एक चांगलं केलं. अंगं सरळ झाली आणि मोठ्या फेकी वाढल्या. पण कानोंनी कमावलेला काता गुरुमा मूळ रूपात आज दंडाला पात्र आहे, ही किंमतही लहान नाही. महाराष्ट्राला ती जास्त जाणवते, कारण आपल्याकडे ज्युदोची मुलं तालमीच्या सावलीत वाढतात. कसबा पेठेत आणि आसपास जुन्या तालमींची नावं गणेशमंडळांनी जपली आहेत. मानाचा पहिला गणपती कसब्याचा, तर तिसरा गुरुजी तालमीचा. ज्या वस्तीत तालीम हा शब्दच मानाचा, तिथल्या मुलाचा हात पायाकडे जाणार, हे प्रशिक्षकाने धरूनच चालायला हवं.

तालमीची सगळी शिदोरी ज्युदोत वाया जाते असं मात्र नाही. धोबीपछाड मारणाऱ्याला 'सेओई नागे' परकी वाटत नाही. टांग येणाऱ्याला 'उची माता' चटकन जमते. पाठीवर घेतलं जाण्याची भीती मोडलेली असते. बदलायची असते फक्त पहिली हालचाल : हात खाली न जाता गीवर जायला हवा. त्याला दोन-तीन महिन्यांचा नेमका सराव लागतो. त्या मुलाला तो मिळाला नव्हता.

नियमांचा असा दाब कुस्तीनेही सोसला आहे. 2013 च्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीला मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली. काही महिन्यांत कुस्तीने तीन डावांची पद्धत टाकून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची सलग बेरीज स्वीकारली, आणि सप्टेंबरात तिला जागा परत मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून जुनं-नवं जोडून घेतलं. दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी भिडतात. ज्युदोतल्या संघटकांनी या शहाणपणातून शिकावं.

पंचांचे डोळे

पूर्वी मॅटवर एक पंच आणि कोपऱ्यात दोन पंच बसत. 2013 पासून मोठ्या स्पर्धांत मॅटवर एकच पंच असतो आणि टेबलावरचे पंच चित्रफीत पाहून त्याला साथ देतात. तरीही चुका होतात. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 60 किलो गटात जपानचा नागायामा 'मात्ते' ऐकून सैल झाला, स्पेनच्या गार्रिगोसची गळ्यावरची पकड मात्र सुटली नाही. नागायामा शुद्ध हरपून पडला आणि इप्पोन त्याच्याविरुद्ध गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या मॅटवर हे घडतं, तर एखाद्या पोराला पेठेतल्या गोंगाटात 'मात्ते' ऐकू आलं नाही म्हणून त्याच्यावर डाफरण्याआधी सभागृह शांत करायला हवं.

कुस्तीतही पंचांचा निर्णय आणि पडद्यावरचं चित्र यांचा मेळ बसला नाही की काय होतं, ते 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत दिसलं. चितपटीच्या निर्णयावरून पंचांना लाथ मारण्यापर्यंत प्रकरण गेलं आणि त्या स्पर्धेतल्या दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. आज प्रत्येक पालकाच्या हातात मोबाइल आहे. कुठली चित्रफीत ग्राह्य आणि कुठली नाही, हे आधी जाहीर केलं नसेल तर प्रत्येक लढतीनंतर टेबलाभोवती गर्दी जमणारच.

नियम माहीत असण्याची किंमत महाराष्ट्राला खाशाबा जाधवांइतकी कुणी शिकवली नाही. 1952 च्या हेलसिंकीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. त्याच गटात सुवर्ण जिंकणारा जपानचा शोहाची इशी मूळचा ज्युदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. इशीशी झालेल्या लांबलेल्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये किमान 30 मिनिटांची विश्रांती हवी होती. ती मागायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता. नियम पुस्तकात होता, पण तो बोलणारं तोंड नव्हतं. सत्तर वर्षांनंतर आपल्या मुलांच्या बाबतीत तसं होऊ नये.

मुलांच्या स्पर्धेत मोठ्यांचं काय काम

जपानने 2022 मध्ये एक धाडसी निर्णय घेतला. प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा त्यांच्या महासंघाने बंद केली. मुलांना वजन उतरवायला लावणं, पंचांवर आणि मुलांवर ओरडणं, जिंकण्याचा हव्यास, ही कारणं होती. ज्या देशात ज्युदो जन्मला त्याने दहा-बारा वर्षांच्या पोरांना राष्ट्रीय विजेतेपदाच्या ओझ्यातून सोडवलं.

आपल्याकडे ओझं वेगळ्या वाटेने येतं. शालेय स्पर्धेत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या की दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. जानेवारी 2019 मध्ये बालेवाडीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाली, तेव्हा पुण्याच्या मुलांनी ज्युदोची राष्ट्रीय पातळी घराजवळ पाहिली. 2022 मध्ये मणिपूरच्या लिंथोई चनांबमने साराएव्होत कॅडेट गटाचं जागतिक सुवर्ण जिंकलं आणि भारतीय मुलीही जगज्जेत्या होऊ शकतात हे दिसलं. आशा वाढली ते चांगलंच झालं. पण त्यामुळे क्लबच्या साध्या स्पर्धेतही पालक पंचांशी भांडू लागले आहेत, आणि सकाळच्या वजनासाठी रात्री उपाशी झोपलेली मुलं मी स्वतः पाहिली आहेत.

आंतरराष्ट्रीय महासंघही सगळ्यांना एकच नियम लावत नाही. उलटी 'सेओई नागे' 2025 पासून प्रौढांना खुली झाली, कॅडेट गटाला मात्र ती बंदच आहे, कारण कोवळ्या मानेला धोका. वय पाहून नियम ठरवायचा, हे तत्त्व वरूनच आलेलं आहे. ते खाली वापरायला आपण कचरू नये.

काय करता येईल

पहिलं, स्पर्धेची दोन कामं वेगळी धरावीत. जिल्हा निवड चाचणी असेल तर चालू आंतरराष्ट्रीय नियम जसेच्या तसे लावावेत. तिथली मुलं पुढे राज्याला जाणार, त्यांना सूट देणं म्हणजे त्यांचंच नुकसान. क्लबची शिकाऊ स्पर्धा मात्र शिकण्यासाठी आहे. तिथे चौदा वर्षांखालच्या नवशिक्याने पहिल्यांदा पायाला हात घातला तर लढत थांबवून एका वाक्यात समज द्यावी, दंड दुसऱ्या वेळेपासून. सवय बिघडेल, असा यावर आक्षेप येतो. तो रास्त आहे. म्हणून सूट एकदाच, आणि डाव मात्र कधीही मोजायचा नाही.

दुसरं, सुरक्षेच्या नियमांत कुणालाही, कधीही सवलत नाही. मानेवरचे, डोक्यावरचे, सांध्यांवरचे नियम पहिल्या दिवसापासून पूर्ण लागू. जागेचंही तसंच. 8 मीटर चौरस मॅट आणि चारही बाजूंनी 3 मीटरची मोकळी सुरक्षित पट्टी धरली तर 14 मीटर चौरस जागा होते, म्हणजे दोन बाय एक मीटरचे 98 तुकडे. पेठेतल्या सभागृहांत एवढं क्वचितच मावतं. अशा वेळी लढतीचा चौकोन लहान करावा, कडेची पट्टी कापू नये. शेजारी भिंत आणि लोखंडी बाक असताना तरी नक्कीच नाही.

तिसरं, भाग्यपत्रिका लावण्याआधी अर्धा तास पंचांनी मॅटवर उभं राहून नियम करून दाखवावेत. युको कसा, वाझारी कशी, शिदो कशाचा, हे पालकांसमोर दाखवावं. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं तो टेबलाशी भांडायला येत नाही, हा माझा अनुभव आहे.

चौथं, शिदो देताना पंचांनी खूण केल्यावर मुलाला मराठीत एक वाक्य सांगावं. जपानी शब्द हवेतच, ते खेळाची भाषा आहेत. पण दंड कशाचा हे मुलाला कळलं नाही तर त्या दंडाने तो काहीच शिकत नाही.

त्या दिवशी लढती संपल्यावर आमचे पंच त्या मुलाला घेऊन मॅटच्या कडेला गेले. त्याचा उजवा हात धरून कॉलरवर ठेवला, डावा बाहीवर, आणि म्हणाले, "आता मार टांग." त्याने मारली. पंच पाठीवर पडले, उठले आणि म्हणाले, "हा इप्पोन." वडील बाकावरून बघत होते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तिथे मिळालं, पण ते स्पर्धेआधी मिळायला हवं होतं. तो आमचा दोष होता.

म्हणून क्लब चालवणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या स्पर्धेचं प्रवेशपत्र छापाल तेव्हा त्याची मागची बाजू कोरी ठेवू नका. चालू नियम तिथे सोप्या मराठीत छापा, आणि ते पत्र स्पर्धेच्या महिनाभर आधी मुलांच्या घरी पोचू द्या.